वजन उतरतंय, मग खाण्याची ओढ का वाढतेय?

प्रश्न थोडक्यात असा: सात महिन्यांत ११ किलो वजन उतरवलं. पहिले तीन-चार महिने फारसा त्रास झाला नाही. आता वजन जवळजवळ थांबलंय, जेवून उठल्यावरही डोक्यात खाण्याचाच विषय असतो आणि रात्री नऊनंतर खाखा सुटते. आहार तोच, व्यायाम तोच. ‘माझी इच्छाशक्ती संपली, की मेटाबॉलिझम बिघडला? आणि हे कधी थांबणार?’

इच्छाशक्ती संपलेली नाही आणि मेटाबॉलिझम बिघडलेलाही नाही. वजन उतरायला लागलं की मेंदू दोन बाजूंनी विरोध करतो. एकीकडे शरीराचा कॅलरींचा खर्च थोडा आखडता घेतो आणि दुसरीकडे खाण्याची ओढ वाढवतो. पहिल्या गोष्टीची चर्चा जिथे तिथे ऐकू येते. दुसरीबद्दल क्वचितच कोणी बोलतं, आणि खरा जोर मात्र तिच्यात आहे.

हे मी आकड्यांच्या आधारे म्हणतोय. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक हुशारीचा हिशेब मांडला. कॅनाग्लिफ्लोझिन नावाचं मधुमेहाचं औषध आहे. ते मूत्रपिंडावर काम करतं आणि रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. दिवसाला सुमारे ९० ग्रॅम साखर, म्हणजे साधारण ३६० कॅलरी शरीरातून निघून जातात. गंमत अशी की गोळी घेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. तो डाएटवर नसतो, स्वतःला आवरत नसतो, फक्त वजन हळूहळू उतरत असतं. मग अशा माणसाचं खाणं आपोआप किती वाढतं? वर्षभराच्या वजनाच्या नोंदींवरून त्यांनी ते गणिताने काढलं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे खाणं दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढलं होतं. शरीराचा खर्च किलोमागे २० ते ३० कॅलरींनीच घटतो. म्हणजे भुकेच्या बाजूने येणारा रेटा खर्चाच्या बाजूच्या तिपटीहून जास्त.

या लोकांचं वजन सरासरी चार किलोंच्या आसपासच उतरलं होतं. त्यामुळे तोच दर तुमच्या ११ किलोंना सरळ लावून ‘माझी भूक दिवसाला ११०० कॅलरींनी वाढली’ असा निष्कर्ष काढणं धाडसाचं होईल. पण दिशा स्पष्ट आहे. जितकं वजन उतरेल तितकी ओढ वाढत जाते. पहिल्या महिन्यात दोन किलो गेले होते तेव्हा मेंदूचा विरोध कुरबुरीपुरता होता. आज तुम्ही तेच ताट वाढून घेता, पण ते तेवढ्यावर ठेवायला तुम्हाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. म्हणूनच तुम्हाला इच्छाशक्ती संपल्यासारखी वाटते. माझ्या मते ती पूर्वीपेक्षा जास्त खर्च होते आहे, एवढंच.

‘आहार तोच’ या वाक्याबद्दलही थोडं बोलायला हवं. तुम्ही खोटं बोलताय असं मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ (CALERIE) नावाच्या मोठ्या प्रयोगात लठ्ठ नसलेल्या निरोगी लोकांनी दोन वर्षं २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं. त्यांच्या दिमतीला आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक होते, मोजमापाची अत्याधुनिक साधनं होती. पहिल्या सहा महिन्यांत त्यांना साधारण १९-२० टक्क्यांची कपात जमली. त्यानंतर ती नऊ टक्क्यांवर आली. हे लोक बेशिस्त नव्हते. चमचा जरा भरून घेतला जातो, चव बघताना दोन घास जास्त जातात, सुट्टीच्या दिवशी मोजणं राहून जातं. ओढ वाढते तेव्हा ती नेहमी भुकेचं रूप घेऊन येत नाही, हात नकळत सैल होतो. वजन थांबण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, ‘मेटाबॉलिझम बंद पडणं’ नव्हे.

मेटाबॉलिझमची भीती पसरायलाही एक अभ्यास कारणीभूत आहे. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बातम्यांनी एवढाच भाग उचलला. ज्यांनी वजन जास्त टिकवून ठेवलं होतं त्यांच्यातच ही घट अधिक दिसली होती, हा भाग मागे पडला. म्हणजे खर्च घटला म्हणून वजन परत आलं, असा सरळ अर्थ त्या आकड्यांतून निघत नाही.

आता मेंदूला हे सगळं कळतं कसं, ते पाहू. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं, तेव्हा लठ्ठपणावर रामबाण औषध सापडलं अशी हवा झाली होती. पुढे लठ्ठ माणसांना लेप्टिन टोचून पाहिलं, फारसं काही झालं नाही. कारण त्यांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. हळूहळू लक्षात आलं की ‘आता पुरे’ सांगण्यापेक्षा ‘साठा आटतोय’ हे सांगण्यात लेप्टिनचं महत्त्व जास्त आहे. त्याची पातळी वाढली तर मेंदू फारसं मनावर घेत नाही, घसरली की मात्र खडबडून जागा होतो. आणि खाणं कमी केल्यावर ही पातळी चरबीच्या प्रमाणात संथपणे उतरत नाही, पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने पडते. साठा अजून भरपूर असला तरी मेंदूपर्यंत दुष्काळाची वर्दी जाते.

इथे मला एक छोटा पण फार बोलका अभ्यास सांगावासा वाटतो. काही थोड्या माणसांमध्ये जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही. केंब्रिजच्या सदाफ फारूकी यांनी अशा दोन किशोरवयीन रुग्णांना उपचारांआधी स्कॅनरमध्ये ठेवून खाण्याच्या पदार्थांची चित्रं दाखवली. पोट भरलेलं असो वा रिकामं, जवळजवळ प्रत्येक पदार्थ त्यांना हवासाच वाटला आणि मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग दोन्ही वेळा पेटला. मग सात दिवस लेप्टिन दिलं. वजनात सांगण्यासारखा फरक अजून पडलेला नव्हता, पण जेवल्यावर दाखवलेली चित्रं आता तेवढी ओढत नव्हती. रुग्ण तेच, चित्रंही तीच, फरक एका हार्मोनचा. ‘जिभेचे चोचले’ म्हणून आपण ज्याची खिल्ली उडवतो त्याचा मोठा भाग रक्तातून येणाऱ्या निरोपावर ठरतो, हे याहून स्वच्छ मला दाखवता येणार नाही.

वजन उतरवलेल्या लोकांमध्येही असंच काहीसं दिसलं. रुडॉल्फ लीबेल आणि मायकेल रोझेनबॉम यांनी लोकांचं वजन १० टक्क्यांनी कमी करून तिथेच टिकवलं आणि मग लेप्टिन टोचून त्याची पातळी पूर्वीइतकी आणली. घटलेला खर्च बराचसा पूर्ववत झाला. अन्न पाहिल्यावर मेंदूत होणारे बदलही मागच्या अवस्थेकडे सरकले. हे अभ्यास मोजक्या लोकांवरचे आहेत आणि वजन टिकवण्यासाठी लेप्टिन हे मान्यताप्राप्त औषध नाही. त्यामुळे ते कुठे मिळेल हे शोधत बसू नका.

लेप्टिन एकटं नसतं. जठरातून येणारं घ्रेलिन भूक लावतं आणि वजन उतरल्यावर ते वाढतं. आतड्यातली जी हार्मोन्स पोट भरल्याची जाणीव देतात, त्यांतली काही कमी होतात. मेलबर्नच्या संशोधकांचा २०११ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार, सरासरी १३ किलोंच्या वर घट, मग वर्षभर पाठपुरावा. वर्ष उलटल्यावरही ही हार्मोन्स मूळ पातळीवर आली नव्हती आणि लोकांना भूकही सुरुवातीपेक्षा जास्त लागत होती. तुमच्या ‘कधी थांबणार’चं अर्धं उत्तर इथे आहे. काही आठवडे दात-ओठ खाऊन काढले की मेंदू नव्या वजनाला सरावतो, ही समजूत सोडून द्या.

हे निरोप जाऊन पोहोचतात ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये. तिथे दोन विरुद्ध स्वभावांच्या पेशी शेजारी शेजारी असतात. पीओएमसी न्यूरॉन खाणं थांबवतात, एजीआरपी न्यूरॉन खायला लावतात. स्कॉट स्टर्नसन यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली उंदरांमधले एजीआरपी न्यूरॉन प्रकाशाच्या साहाय्याने जागे केले, तेव्हा पोटभर जेवलेले उंदीरही काही मिनिटांत खाण्यावर तुटून पडले.

त्याहून विलक्षण गोष्ट २०१५ मध्ये समोर आली. भुकेल्या उंदराच्या मेंदूतले हे न्यूरॉन चालू असताना त्यांची नोंद घेता येऊ लागली होती. समोर अन्न ठेवलं आणि पहिला घास तोंडात जायच्या आधीच, काही सेकंदांत, न्यूरॉन शांत झाले. पदार्थ जितका आवडीचा तितके ते जास्त शांत. अन्न काढून घेतलं की परत सुरू. ही शांतता टिकायची असेल तर मात्र प्रत्यक्ष कॅलरी आतड्यात पोहोचाव्या लागतात, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. त्याच सुमारास असंही दिसलं की या न्यूरॉनची चलबिचल उंदरांना नकोशी वाटते. ज्या चवीबरोबर किंवा ज्या जागी ती अनुभवली, ते उंदीर टाळू लागतात.

आता याचा माणसांशी संबंध. उंदरांवरून माणसाबद्दल बोलताना हात राखूनच बोलावं लागतं. तरी ‘फ्रीजचं दार उघडून नुसती उभी राहते, काही घेत नाही, पण तेवढ्यानेही बरं वाटतं’ असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय. हेही ऐकतो की डाएटवर चिडचिड होते, घरच्यांवर विनाकारण आवाज चढतो. डाएटमधली भूक म्हणजे निव्वळ पोटात कावळे ओरडणं नव्हे. ती एक टोचणी आहे, आणि टोचणी थांबवणारी कुठलीही गोष्ट मेंदू पटकन शिकतो. रात्री एकदा गोड खाऊन ती थांबली की दुसऱ्या रात्री त्याच वेळी, त्याच खुर्चीत, मेंदू त्याच पदार्थाची आठवण काढतो.

इथपर्यंत भुकेबद्दल झालं. पण तुम्ही लिहिलंय की जेवण झाल्यावरही डोक्यात खाणंच असतं. तिथे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाकडे वळावं लागतं आणि त्यासाठी थोडा इतिहास. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी दाखवलं की हायपोथॅलॅमसच्या बाजूचा एक लहानसा भाग नष्ट केला की उंदीर खाणंच सोडतो. त्या भागाला ‘भूक केंद्र’ म्हणू लागले. वीस वर्षांनी स्वीडनचे उर्बन उंगरश्टेट यांनी लक्ष वेधलं की त्या जागेतून डोपामिनचे तंतू जातात. केंद्राला हात न लावता नुसते ते तंतू निकामी केले तरी उंदीर तसाच उपाशी राहतो. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी अशा उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं. उंदरांनी ते मिटक्या मारत, ओठ चाटत घेतलं. चवीची मजा शाबूत होती. उठून अन्नापर्यंत जाण्याची उमेद तेवढी गेली होती.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. एखादी गोष्ट आवडणं आणि तिच्यामागे धावावंसं वाटणं यांची यंत्रणा मेंदूत वेगवेगळी आहे. डोपामिन धावायला लावतं. वजन उतरतं तेव्हा हायपोथॅलॅमसकडून गेलेले निरोप या यंत्रणेला जास्त संवेदनशील करतात. प्रयोगशाळेत हे मोजण्याची एक साधी पद्धत आहे. उंदराला एक दाणा मिळवायला आधी मोजकेच वेळा कळ दाबावी लागते आणि प्रत्येक दाण्यानंतर ही संख्या वाढवत नेतात. पोट भरलेला उंदीर लवकर नाद सोडतो. खाणं तोडलेला उंदीर त्याच एका दाण्यासाठी कितीतरी अधिक वेळा कळ दाबत राहतो. दाणा पूर्वीचाच असतो, त्याच्यासाठी किती कष्ट उपसायचे हे ठरवणारा हिशेब बदललेला असतो. एरवी रात्री उठून स्वयंपाकघरात जायचा आपल्याला कंटाळा येतो. ११ किलो उतरल्यावर तोच माणूस पाऊस अंगावर घेत कोपऱ्यावर जाऊन काहीतरी घेऊन येतो आणि आल्यावर म्हणतो, ‘खाल्लं, पण एवढी काही मजा आली नाही.’ धाव मोठी आणि मजा बेताची असण्याचं कारण हेच.

या अवस्थेत माणूस कुठवर जाऊ शकतो हे १९४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिलेल्या ३६ तरुणांना ॲन्सेल कीज यांनी २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरलं. ही शिकलेली, ध्येयवादी मुलं होती. काही आठवड्यांत राजकारण, वाचन, मैत्रिणी सगळं मागे पडलं. मुलं पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली, ताट चाटू लागली, जेवण तासन्‌तास पुरवू लागली. नंतर पोटभर खायला मिळालं तरी काहींचं समाधान होईना. त्यांच्या मूळ नोंदींचं पुढे विश्लेषण झालं तेव्हा एक गोष्ट दिसली. गेलेली चरबी भरून आल्यावरही, स्नायू आणि इतर चरबीविरहित ऊती पूर्ववत होईपर्यंत अतिखाणं चालूच राहिलं. तुमची अवस्था त्या मुलांसारखी नाही. पण यंत्रणा तीच, आणि स्नायू वाचवायला मी इतका आग्रह का धरतो त्याचं एक कारणही यात आहे.

मग करायचं काय? माझा पहिला सल्ला अनेकांना आवडत नाही: आणखी कपात करू नका. वजन थांबलं की माणूस घाबरून आणखी २०० कॅलरी कापतो आणि ओढ आणखी ताणतो. ११ किलो उतरलेत, ते सहा महिने टिकवून दाखवणं हे आत्ताचं काम समजा.

‘वजन हळूहळू उतरवलं असतं तर मेंदूला कळलं नसतं’ असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. मेलबर्नमध्येच हे तपासलं गेलं. एका गटाने १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत. पुढच्या जवळजवळ तीन वर्षांत दोन्ही गटांनी उतरवलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत मिळवलं. वेग बदलून मेंदूला चकवता येत नाही.

खाण्याच्या बाबतीत मी तीनच गोष्टींवर अडून बसतो: प्रत्येक जेवणात पुरेसं प्रथिन, भरपूर भाज्या किंवा तंतू असलेला ऐवज, आणि कॅलरी पिऊन न घेणं. यांनी लेप्टिन वर येणार नाही. आतड्याकडून जाणारे ‘पुरे’चे निरोप मात्र जास्त वेळ चालू राहतात. हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात मांडलेल्या कॅलरी, साखर, तंतू, प्रथिनं दोन्हीकडे सारखीच ठेवली होती आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. वजन टिकवायच्या काळात हा फरक परवडणारा नाही.

जेवणांमध्ये फार मोठी फट पडू देऊ नका. काहींना एक वेळ न खाता दुसरी वेळ भरपेट जेवणं मानवतं, त्यांनी खुशाल तसं करावं. पण तुमची अडचण रात्रीची आहे, आणि रात्रीची खाखा बऱ्याचदा दुपारी सुरू झालेली असते. उंदरांमध्ये एजीआरपी न्यूरॉन आधी काही काळ जागवून मग थांबवले तरी त्यानंतर बराच वेळ उंदीर खात राहिले. सकाळी कॉफी, दुपारी नावापुरतं जेवण आणि रात्री ‘आता घरी आलो, आता नीट जेवू’ हा क्रम असेल तर तो उलटा करून बघा. दिवसाच्या कॅलरी तेवढ्याच ठेवा, पण मोठा वाटा दुपारी चारच्या आत संपवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर तुमचं कारण वेगळं आहे असं समजू.

झोपेबद्दल लोक ऐकून घेतात आणि सोडून देतात, म्हणून एक आकडा देतो. शिकागो विद्यापीठात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना फक्त झोप वाढवायला मदत केली. आहाराबद्दल एक शब्दही सांगितला नाही. झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटलं.

व्यायाम वजन उतरवण्यात अपेक्षेपेक्षा कमी कामाचा आणि टिकवण्यात अपेक्षेपेक्षा जास्त. नुसतं चालत असाल तर आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा, जोर-बैठकांचा व्यायाम त्यात घाला. स्नायू वाचवण्याचं कारण वर आलंच आहे.

आणि नजरेसमोरचं अन्न. डोपामिनची यंत्रणा इशाऱ्यांवर चालते. दिसलेला डबा, ऐकू आलेली पाकिटाची करकर, रोजची ती खुर्ची. घरात मुलं असतील तर सगळं घराबाहेर काढता येत नाही, मान्य. पण बंद कपाटात आणि उघड्या टेबलावर यांत फरक पडतो. एक दिलाशाची गोष्टही सांगतो. भुकेचे निरोप टिकून राहतात, पण एखाद्या ठरावीक पदार्थाची तलफ तशी टिकत नाही. अनेक अभ्यासांत काही आठवडे-महिने कमी कॅलरींवर राहिलेल्या लोकांच्या तलफी सरासरीने कमीच झालेल्या दिसतात. इशारा आला आणि पदार्थ मिळाला नाही, असं पुरेशा वेळा झालं की मेंदू त्या इशाऱ्याकडे पाठ फिरवू लागतो. आठवड्यातून एकदा ‘चीट डे’, म्हणजे हवं ते खायचा दिवस, ठेवणाऱ्यांचं हे शिकणं दर आठवड्याला मागे ढकललं जातं असं माझं निरीक्षण आहे. सगळे सहकारी या मताचे नाहीत.

आता औषधांबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं मेंदूच्या याच जाळ्यावर काम करतात, त्यातही मेंदूच्या मागच्या भागातल्या आणि हायपोथॅलॅमसमधल्या भूक-तृप्तीच्या केंद्रांवर. रुग्ण त्याचं वर्णन ‘डोक्यातली भुणभुण थांबली’ असं करतात आणि ते मला फार नेमकं वाटतं. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. काहींना यात औषधाचं अपयश दिसतं. रक्तदाबाची गोळी बंद केली आणि रक्तदाब वाढला तर आपण गोळीला दोष देत नाही. मेंदूचा रेटा तिथेच होता, औषधाने तो दाबून धरला होता. त्यामुळे सुरू करण्याआधी ‘किती वर्षं घ्यायचं आणि परवडेल का’ हे डॉक्टरांशी बोला. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर ते आधी सांगा. ११ किलो स्वतः उतरवून ते टिकवता येत नसतील तर औषध मागण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

‘कधी थांबणार’चं उरलेलं अर्धं उत्तर. पूर्ण थांबेल असं वचन मी देत नाही. वजन वर्षानुवर्षं टिकवणारी माणसं मी पाहतो, त्यांनाही भूक लागते. पण त्यांचे बरेचसे निर्णय आधीच झालेले असतात. नाश्ता ठरलेला, व्यायामाची वेळ ठरलेली, दर आठवड्याला वजनकाटा आणि दोन किलो वाढले की काय करायचं तेही ठरलेलं. रात्री नऊला थकलेल्या डोक्याने त्यांना नव्याने काही ठरवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून बघायला हवी. रात्री खाताना आपल्यावर ताबाच राहत नाही असं वाटतं का? भूक नसताना पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं का? त्यानंतर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा दुसरा दिवस उपाशी काढणं होतं का? पाळी येत असेल तर ती लांबली किंवा बंद झाली आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर वर लिहिलेलं सगळं तूर्त बाजूला ठेवा, डाएट थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना किंवा डॉक्टरांना भेटा. तो वेगळा आजार आहे, त्यावर वेगळे उपचार आहेत आणि कॅलरी मोजत राहिल्याने तो बळावतो.

असं काही नसेल तर पुढच्या दोन आठवड्यांची साधी नोंद ठेवा: दुपारचं जेवण कधी आणि काय, झोपेचे तास, रात्री खावंसं कितीला वाटलं. चालू असलेल्या औषधांची नावंही लिहून ठेवा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या, मिर्टाझापिन किंवा ओलान्झापिनसारखी मानसिक आजारांची औषधं यांनी भूक किंवा वजन वाढतं. यातलं काही गेल्या चार महिन्यांत सुरू झालं असेल तर तपास तिथूनच सुरू करावा लागेल. तोवर औषध स्वतःहून बंद करू नका.